झाकली मूठ सातशे रुपयांची : गाडीची ‘ताकद’ वाढवणाऱ्या डबीचे परीक्षण

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक कपलर असते आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात तो तिथेच. त्या कपलरमध्ये खोचायची ही डबी मी मे महिन्यात ६९९ रुपयांना घरपोच मागवली आणि गणपतीपर्यंत वापरून पाहिली. आगपेटीपेक्षा किंचित मोठी, लाल प्लॅस्टिकची, वर पांढऱ्या अक्षरांत ‘डिझेल’ असे छापलेली, एका अंगाला पेनाच्या टोकाने दाबावे लागेल असे बारीक बटण आणि समोर तीन दिवे, असा तिचा एकूण थाट आहे. ताकद ३५ टक्क्यांनी आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, २५ टक्क्यांनी वाढेल, असा दावा पाकिटावर आहे, आणि त्याच्या खालच्याच ओळीत डिझेलचीही बचत होईल असे आश्वासन आहे. चारा कमी आणि दौड जास्त, असा घोडा आजवर कोणी पाहिलेला नाही, पण ६९९ रुपयांत तो पाहायला मिळेल असे वाटून माणूस खरेदीचे बटण दाबतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

माझी गाडी २०१५ ची स्विफ्ट डिझेल आहे. १२४८ सीसीचे हे इंजिन ७५ हॉर्सपावर ताकद आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क देते. ज्यांनी हे इंजिन चालवले आहे त्यांना त्याची एक खोड माहीत असते. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो फिरू लागेपर्यंत, म्हणजे २००० आरपीएमच्या खाली, गाडी झोपलेली असते आणि त्यानंतर अचानक जागी होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पुढे मालाचा ट्रक आला, वेग पडला आणि आपण तिसऱ्या गिअरमध्ये राहिलो, की पाय पूर्ण दाबूनही काही क्षण काहीच घडत नाही. या काही क्षणांच्या निरुपायावरच डब्यांचा सगळा धंदा उभा आहे. त्यातच माझ्या मेहुण्याने त्याच्या गाडीला अशीच एक डबी लावली होती आणि ‘दाजी, पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडलाय’ असे तो शपथेवर सांगत होता. घरातल्या माणसाचा अनुभव म्हटल्यावर तिथे वाद संपतो.

पाकिटातल्या चिठ्ठीवर वापराची पद्धत दिली आहे. डबी खोचायची, किल्ली इंजिन सुरू न करता एक टप्पा फिरवायची, बारीक बटण पाच सेकंद दाबून धरायचे, मिनिटभर थांबायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. त्यापुढची अट महत्त्वाची आहे. गाडी सुमारे २०० किलोमीटर चालवल्याशिवाय फरक जाणवणार नाही, कारण तेवढ्या अवधीत डबी ‘तुमच्या चालवण्याची सवय शिकते’ असे चिठ्ठी म्हणते. ही अट ज्याने लिहिली त्याला यंत्राची नसेल, पण माणसाची जाण नक्की आहे. शहरात ऑफिसला जाऊन-येऊन २०० किलोमीटर व्हायला बहुतेकांना आठ-दहा दिवस लागतात, वस्तू परत करण्याची मुदत सात दिवसांची असते, आणि त्या आठ-दहा दिवसांत आपण गाडीकडे इतके कान देऊन बसलेले असतो की गिअर नेहमीपेक्षा जरा उशिरा बदलतो, पाय जरा धीटपणे दाबतो आणि त्या आवाजालाच ताकद समजतो.

चिठ्ठीवर ‘१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांसाठी’ असेही छापलेले आहे, आणि माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. १९९६ हे साल अमेरिकेचे आहे. तिथे त्या वर्षीच्या मॉडेलपासून नव्या मोटारींना ओबीडी टू हे निदानाचे प्रमाणित कपलर सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस फोर या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांना आधी २०१० मध्ये पहिल्या टप्प्याची आणि मग एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची निदानव्यवस्था लागू झाली. म्हणजे जी वस्तू पुण्यात, भारतीय गाडीसाठी, भारतीय पत्त्यावर विकली जात होती, तिच्या चिठ्ठीत आपला देश कुठेच नव्हता.

तरीही निकाल आधीच ठरवून परीक्षण करणे बरोबर नाही, म्हणून मी मोजायचे ठरवले. ॲव्हरेज काढण्यासाठी एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी फुल करून, टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवून, डबीशिवायच्या तीन टाक्या आणि डबीसहित तीन टाक्यांचा हिशेब ठेवला. डबीशिवाय लिटरला १९.६, १८.९ आणि २०.१ किलोमीटर पडले, तर डबी लावल्यावर १९.४, २०.३ आणि १८.८. दोन्हींची सरासरी साडेएकोणीस येते. यातली एकच टाकी पाहिली असती, उदाहरणार्थ १८.९ नंतरची २०.३, तर मीही सात टक्के बचत झाल्याचे सांगत फिरलो असतो, आणि पाच तारे देणाऱ्यांपैकी अनेकांचे नेमके हेच झाले असावे. रहदारी, एसी, वाऱ्याची दिशा आणि पंपावरच्या पोराने नोझल किती वेळ धरले, एवढ्यावर हा फरक सहज पडतो.

पिकअपसाठी शिरवळच्या पुढे, रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० पर्यंत वेग नेला. शेजारी बसलेल्या मेहुण्याने स्पीडोमीटरचे मोबाइलवर चित्रण केले आणि नंतर घरी बसून वेळ मोजली. डबीशिवाय ७.९, ८.१, ७.८ आणि ८.२ सेकंद लागले. डबी लावून, २०० नव्हे तर तब्बल ९०० किलोमीटर ‘शिकून’ झाल्यावर, ८.१, ७.९, ८.३ आणि ७.९ सेकंद लागले. ताकद खरोखर ३५ टक्क्यांनी वाढली असती, तर हाच वेळ सहा सेकंदांच्या आसपास यायला हवा होता, आणि तो फरक ओळखायला चित्रणाची गरजच पडली नसती.

पण मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती त्यानंतरची एक साधी युक्ती. मेहुण्याला सांगितले की, मी गाडीबाहेर उभा राहतो, तू मनाला येईल तशी डबी लाव किंवा काढ, वरून कापड टाक, म्हणजे मला दिवे दिसणार नाहीत. मग मी एक फेरी मारून डबी आहे की नाही ते सांगायचे. दहा फेऱ्यांत माझी चार उत्तरे बरोबर आली. मग आम्ही जागा बदलल्या. जमीन-अस्मानाचा फरक शपथेवर सांगणाऱ्या माणसाची पाच उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी आली असती तेवढीच. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘दाजी, तुमच्या गाडीला बहुतेक सूट होत नसेल.’

गणपतीसाठी आम्ही रेल्वेने कोकणात गेलो, गाडी बारा दिवस पार्किंगमध्ये उभी राहिली आणि परत आल्यावर किल्ली फिरवली तर नुसती टकटक झाली. बॅटरी उतरली होती. या कपलरची सोळावी पिन थेट बॅटरीला जोडलेली असते आणि गाडी बंद करून लॉक केली तरी तिच्यात १२ व्होल्ट कायम असतात, कारण स्कॅनरला बंद गाडीतही वीज मिळावी अशीच ती योजना आहे. डबीचे दिवे गाडी बंद असतानाही लुकलुकत असतात हे मी रोज पाहत होतो, पण त्याचा हिशेब केला नव्हता. मेकॅनिकने मल्टिमीटर लावला तेव्हा एकटी डबी ३४ मिलिअँपिअर ओढत होती. दिवसाला सुमारे ०.८ अँपिअर-अवर, म्हणजे बारा दिवसांत दहाच्या आसपास, आणि घड्याळ, लॉक व संगणक यांच्यासाठी गाडीची स्वतःची रोजची ओढ असते ती वेगळीच. माझी बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळे सगळा दोष डबीवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर रोज एक पोते जास्तीचे देऊन त्याला वयाचे कारण सांगण्यासारखाच तो प्रकार होता.

त्याच दिवशी, गॅरेजमध्ये, डबी उघडली. स्क्रू नव्हतेच, दोन खटके नखाने दाबल्यावर झाकण निघाले. आत नखाएवढी एक चिप, तीन दिवे, ते बारीक बटण, व्होल्टेज उतरवणारा एक छोटा भाग, काही रेझिस्टर आणि कपॅसिटर, एवढाच ऐवज होता. पाहायचे होते ते कपलरच्या मागच्या बाजूला. गाडीतले संगणक एकमेकांशी ज्या दोन तारांवरून बोलतात त्या वाहिनीला कॅन म्हणतात आणि या कपलरमध्ये ती सहाव्या व चौदाव्या पिनेवर येते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत स्कॅनरशी बोलणे सातव्या पिनेवरून होते. माझ्या डबीत या पिना बाहेरून लख्ख दिसत होत्या, पण आत सर्किटच्या पाटीवर त्यांच्यापासून एकही रेघ निघालेली नव्हती. रेघा होत्या त्या फक्त चौथ्या आणि सोळाव्या पिनेपासून, म्हणजे अर्थिंग आणि बॅटरी. मेकॅनिकने भिंग डोळ्याला लावून पाटी दोनदा फिरवली आणि म्हणाला, ‘साहेब, हा दिवा आहे, दिवा. देवघरात लावा.’ बटण दाबल्यावर दिव्यांच्या लुकलुकण्याचा ठेका बदलतो, आणि आतली चिप केवळ तेवढ्यासाठीच आहे.

हा माझ्याच डबीचा दुर्दैवी योगायोग नव्हे. क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीच्या अभियंत्यांनी ‘नायट्रो ओबीडी टू’ नावाने जगभर विकली जाणारी अशीच डबी तपासली होती. ती लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर गाडीच्या कॅन वाहिनीवरचे संदेश नोंदवून त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा डबीकडून एकही संदेश आलेला नव्हता. त्यांनी चिपचे वरचे कवच काढून आतही पाहिले, आणि कॅनवर बोलण्यासाठी लागणारा ट्रान्सीव्हर हा भाग तिच्यात नव्हताच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि या मुठीची किंमत तर ती झाकलेली असतानाच सातशे रुपये होती.

चांगल्या दर्जाची तशीच डबी मिळाली तर काम होईल का, असा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला, म्हणून थोडे खोलात जातो. इंजिनला कधी, किती डिझेल द्यायचे हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो आणि त्यासाठी त्याच्या स्मृतीत आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात. हे संगणक बॉश, मारेल्ली, डेन्सो अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, कधी तर एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही, तक्त्यांची मांडणी वेगळी असते. ते बदलायचे तर आधी संगणकाचे सुरक्षा-कुलूप उघडावे लागते, मग नेमकी जागा शोधून आकडे बदलावे लागतात आणि सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. या सगळ्या वेळात बॅटरीचा व्होल्टेज खाली गेला तर संगणक निकामी होऊ शकतो, म्हणून खरे ट्यूनर, म्हणजे हे तक्ते बदलून देणारे जाणकार, आधी चार्जर जोडतात. स्विफ्ट, स्कॉर्पिओ आणि सिटी या तिन्ही गाड्यांना चालणारी एकच डबी म्हणजे गावातल्या सगळ्या कुलपांना लागणारी एकच किल्ली झाली. शिवाय ७५ वर ३५ टक्के म्हणजे १०१ हॉर्सपावर होतात. याच १२४८ सीसीच्या इंजिनाची ९० हॉर्सपावरची आवृत्ती अर्टिगा आणि सियाझमध्ये होती, आणि तेवढ्या २० टक्के वाढीसाठी कंपनीला पात्यांचा कोन बदलणारा वेगळा टर्बो बसवावा लागला होता. जे कारखान्याला टर्बो बदलून जमले, त्याच्या वरताण काम तीन दिवे करणार होते.

इंधन वाचवणाऱ्या वस्तूंचा इतिहासही असाच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर शंभराहून अधिक उपकरणे तपासली, त्यांतल्या मोजक्यांनी नाममात्र फरक दाखवला आणि त्यांतलीही काही प्रदूषण वाढवणारी निघाली.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की नुकसान फार तर सातशे रुपयांचे आणि एका बॅटरीचे झाले. माझ्यापुरते ते खरे आहे. मला खरी काळजी वाटते ती हीच मंडळी पुढे ज्या जरा महागड्या खोक्यांकडे वळतात त्यांची, कारण ती खोकी खरोखर काहीतरी करतात.

त्यांतला पहिला प्रकार पेट्रोल गाड्यांचा. दोन-अडीचशे रुपयांत एक रेझिस्टर आणि दोन वायरी मिळतात, त्या इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी जोडायच्या असतात. हा सेन्सर थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी अवरोध दाखवतो, त्यामुळे ठरावीक मोठा रेझिस्टर जोडला की मे महिन्यातल्या ४० अंशांतही संगणकाला बाहेर १० अंश आहे असे वाटते. थंड हवा दाट असते, म्हणून संगणक सुमारे दहा टक्के जास्त पेट्रोल सोडतो. पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो की मिश्रण गडद झाले आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे, आणि संगणक तेच दहा टक्के पुन्हा कापतो. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. पाय पूर्ण दाबलेला असताना मात्र ही दुरुस्ती बहुतेक गाड्यांत चालत नाही, तेव्हा जादा पेट्रोल खरेच जळते किंवा अर्धवट जळते, प्लग काळे पडतात आणि एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. त्यातच हवा थंड आहे अशा समजुतीने ठिणगीची वेळही पुढे राहते, आणि खऱ्या ४० अंशांच्या हवेत इंजिन चढावर खडखडू लागते. दुरुस्ती मर्यादेबाहेर गेली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०१७२, म्हणजे मिश्रण फार गडद, असा कोड येतो. मग मालक ऑक्सिजन सेन्सर बदलतो, आणि सबंध इंजिनात एकटा तोच खरे बोलत असतो.

दुसरा प्रकार डिझेलचा आणि तो जास्त गंभीर आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांत पंप एका जाड नळीत १६०० ते २००० बारपर्यंत दाबाने डिझेल साठवतो. तुलनेसाठी सांगायचे तर गाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन बार असतात. त्या नळीच्या टोकाला एक सेन्सर दाब मोजतो आणि साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या भाषेत तो संगणकाला कळवतो. ट्यूनिंग बॉक्स म्हणून विकले जाणारे खोके या सेन्सरच्या आणि संगणकाच्या मध्ये बसते आणि खरा व्होल्टेज थोडा कमी करून पुढे पाठवते. दाब कमी पडतो आहे असे वाटून संगणक तो वाढवतो, आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही जास्त डिझेल सिलिंडरमध्ये जाते. यातून ताकद खरोखर वाढते, खंबाटकीत फरक कळतो, आणि धोका नेमका तिथेच सुरू होतो.

चांगल्या कंपनीचे खोके हा खोटेपणा तरी मोजून-मापून करते. इंजिन किती फिरते आहे आणि भार किती आहे हे पाहून ते केव्हा किती थाप मारायची ते ठरवते. स्वस्त खोक्यात एक रेझिस्टर किंवा एक फिरवायची खुंटी असते आणि ते सिग्नलला उभे असतानाही तेवढीच थाप मारते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दाब धोक्याच्या रेषेजवळ जातो तेव्हा संगणकाने हात आखडता घ्यावा म्हणून कारखान्याने जी मर्यादा घातलेली असते, ती या थापेमुळे सरकते, कारण ज्याच्या भरवशावर मर्यादा पाळायची तोच साक्षीदार फितूर झालेला असतो.

माझ्या परिचयातल्या एकाने सहा वर्षांच्या एसयूव्हीला साडेचार हजारांचे असे खोके बसवले. पहिले दोन महिने ते खुशीत होते. नंतर चढावर मागून काळा धूर येऊ लागला, इतका की त्यांच्या मागची माणसे काचा वर करत. मग क्लच घसरायला लागला, कारण इंजिनाचा वाढलेला टॉर्क झेलायला क्लच प्लेट तीच जुनी होती. पीयूसी काढायला गेले तेव्हा बीएस फोर डिझेलसाठी असलेल्या १.६२ या मर्यादेच्या पुष्कळ वर धुराचा आकडा गेला. शेवटी पावसाळ्यात खोक्याच्या कपलरमध्ये पाणी गेले, स्कॅनरवर पी ०१९१, म्हणजे डिझेलच्या दाबाच्या सेन्सरमध्ये गडबड, असा कोड आला आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यावर संगणक ताकद आवळतो त्या अवस्थेत, जाऊन ताशी चाळीसच्या वर जाईना, तीही नेमकी घाटात आणि रात्री. क्लच, एका इंजेक्टरची दुरुस्ती आणि टोइंग मिळून चाळीस हजारांच्या पुढे खर्च गेला. दुकानदाराचे म्हणणे एकच होते की, गाडी मुळातच जुनी होती. बीएस सिक्स डिझेलमध्ये तर त्या काळ्या धुराची काजळी एक्झॉस्टमधल्या डीपीएफ गाळणीत साचते आणि ती गाळणी बदलण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

तिसराही एक प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल मी इतका कठोर नाही. एक्सलरेटरच्या पॅडलच्या कपलरमध्ये बसणारे हे उपकरण पाय २० टक्के दाबला असताना संगणकाला ४० टक्के दाबल्याचे सांगते. इंजिनाची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही, पण गाडी चपळ वाटते. घेणाऱ्याला हे माहीत असेल तर तक्रारीचे कारण नाही, फक्त तोच परिणाम पाय थोडा जास्त दाबून फुकट मिळतो हे लक्षात ठेवावे.

वॉरंटी चालू असलेल्या गाडीत यांतले काहीही आढळले, तर इंजिनाशी संबंधित दावा नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयते कारण मिळते, आणि खोके काढून ठेवले तरी फॉल्ट कोडची नोंद संगणकात सापडू शकते. कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माझ्या लाल डबीने कायदा मोडण्याचीही सोय ठेवलेली नव्हती, हा तिचा एकमेव गुण म्हणावा लागेल.

त्याच कपलरमध्ये खोचण्यासारखी एक खरोखर उपयोगी वस्तू जवळपास तेवढ्याच पैशांत मिळते, ती म्हणजे ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर. बाजारात मिळतात त्या बहुतेक नकलाच असतात आणि काही नकला अर्धे प्रोटोकॉल ओळखत नाहीत, तरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये कूलंटचे तापमान, सेन्सरचे आकडे आणि फॉल्ट कोड दिसतात, कपलरमधून खरोखर काहीतरी येते. मात्र काम झाल्यावर तोही काढून ठेवावा. एक तर तोही बॅटरी खातो, आणि त्याचा पासवर्ड बहुधा १२३४ असल्याने शेजारच्या गाडीतला माणूसही त्याच्याशी जोडून घेऊ शकतो. माझ्या गाडीतली सुस्ती त्यानेच पकडली. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी दिसत होता, आणि टर्बोकडून निघणाऱ्या रबरी पाइपची क्लिप सैल झालेली सापडली. नवी क्लिप आणि एअर फिल्टर मिळून ४८० रुपये लागले. तिसऱ्या गिअरची तीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा साडेसात सेकंद लागले.

ज्यांना याहून जास्त हवे आहे आणि गाडी वॉरंटीबाहेर आहे, त्यांनी कायद्याची जोखीम समजून घेऊन, डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर देणाऱ्या आणि मूळ फाइल जपून ठेवणाऱ्या ट्यूनरकडे जावे. त्याला वीस हजारांच्या वर खर्च येतो, टर्बो डिझेलमध्ये फरक भरपूर पडतो आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात इतका थोडा की तो खर्च मी तरी करणार नाही.

विक्रेत्याला मी चाचणीचे आकडे आणि उघडलेल्या डबीचा फोटो पाठवला. पहिले उत्तर आले की आणखी २०० किलोमीटर चालवा. दुसरे आले की तुमच्या गाडीचा ईसीयू सुसंगत नाही. तिसऱ्या उत्तरात डबी उघडल्यामुळे वॉरंटी संपल्याचे कळवले होते, आणि गाडीच्या इंजिनाची वॉरंटी धाब्यावर बसवायला सांगणाऱ्याने आपल्या तीन दिव्यांची वॉरंटी एवढी जपावी याचे मला कौतुक वाटले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. पाचपैकी एक तारा देतो, तोही पिना कपलरमध्ये सरळ बसल्या म्हणून.

डबी मेकॅनिकने मागून घेतली. आतली पाटी काढून टाकली आणि चौथ्या व सोळाव्या पिनेला दोन वायरी डाखून त्यांच्या टोकांना चिमटे लावले. दिवाळीच्या आधी माझी उतरलेली बॅटरी बदलायला गेलो, तेव्हा त्याने तेच लाल कवच स्टिअरिंगखाली खोचले आणि चिमटे बाजूच्या एका बॅटरीला जोडले. जुनी बॅटरी काढून नवी बसेपर्यंत गाडीला त्यातून वीज मिळत राहिली, आणि घड्याळ व रेडिओवरची स्टेशने जशीच्या तशी राहिली.